एकाच हातची एकशे एकतीस पत्रं

सोमवार, ता. ३
आजपासून पोती यायला लागली. खरीखुरी पोती, तोंडाला सुतळी बांधलेली, आत नुसती पत्रं. शाळा निधीचं नवं विधेयक समितीपुढे आहे, त्यावर लोकांच्या हरकती. विधेयक थोडक्यात असं: सरकारी शाळेला यापुढे पटावरच्या डोक्यांवर पैसा. चौदा वर्षांखालचं डोकं असेल तरच ते मोजायचं. शंभराहून कमी डोकी असलेल्या शाळांची यादी मागे जोडली आहे. त्या बंद करून मुलं जवळच्या मोठ्या शाळेत घालायची. जवळच्या म्हणजे सरकारी नकाशावर जवळच्या.

यादीतल्या शाळेच्या बाजूने शंभर स्वतंत्र हरकती आल्या, तर समितीला त्या शाळेची सुनावणी घ्यावीच लागते. स्वतंत्र म्हणजे ज्याची त्याने लिहिलेली. एकानेच बसून शंभर लिहिली असतील तर तो गठ्ठा, आणि गठ्ठा म्हणजे एक हरकत. हे ओळखायचं काम माझं. एकोणतीस वर्षं या कार्यालयात अक्षरं बघण्यात गेली. रजेच्या अर्जावरची नवऱ्याची सही बायकोने केली असेल तरी मी दारातून सांगते.

साहेब म्हणाले, "बाई, डोळ्यांत तेल घालून बघा." ते सांगायला नको होतं. पण इतक्या गोड आवाजात का सांगितलं असेल?

मंगळवार, ता. ४
नऊ गठ्ठे पकडले. एका पठ्ठ्याने तर छापील पत्रावर नुसत्या सह्या मारल्या होत्या, आणि चाळिसाव्या सहीपर्यंत इतका कंटाळला होता की नुसत्या रेघा ओढल्या होत्या. साहेब खूश. म्हणाले, नऊ सुनावण्या वाचल्या. मला खिडकीजवळचं टेबल मिळालं. शेजारची टायपिस्ट तिथे बसायची, तिचं तोंड एवढंसं झालं.

घरी मात्र माझा डोळा चालत नाही. थोरल्या जाऊबाई रोज चारला बाहेर पडतात आणि साडेसहाला येतात. मी पाचला घरी येते तेव्हा खुर्ची रिकामी. मोठे दीर गेल्यापासून दोन वर्षं त्या आमच्याकडेच आहेत. पहिलं दीड वर्ष उंबरा ओलांडला नाही आणि आता सहा महिने हे चाललंय. काय तर म्हणे, "पाय मोकळे करून येते गं." गुडघे धरून जिना उतरणारी बाई अडीच तास पाय मोकळे करते? कुठेतरी पाणी मुरतंय.

ह्यांना सांगितलं. हे पेपरातून मान न काढता म्हणाले, "विचार ना मग वहिनींना."
विचारलं की माणूस सावध होतं, एवढंही ह्यांना कळत नाही.

गुरुवार, ता. ६
आज मोठा मासा सापडला. एका शाळेची एकशे एकतीस पत्रं. बस डेपोच्या मागची शाळा, आमच्या घरापासून चालत वीस मिनिटं. पटावर मुलं किती? ब्याऐंशी.

प्रत्येक पत्र नऊ ओळींचं, आणि नऊच्या नऊ ओळी सारख्या. आखीव कागद, डावीकडे चार बोटं समास, आधी पेन्सिलीने लिहून वरून पेन फिरवलेलं. पण खरी गंमत अक्षरात आहे. मोठं, गोल, रेघेला नीट टांगलेलं अक्षर. प्रत्येक 'क' चं पोट डाव्या बाजूला फुगलेलं. प्रत्येक 'श' ची शेपटी अर्ध्यात थांबलेली. एकशे एकतीस 'क', एक पोट!

सह्या वेगवेगळ्या आडनावांच्या, पण अक्षर तेच. मी आडनावं वाचायच्या भानगडीत पडले नाही. खोट्या पत्राखालची सही वाचून काय मिळणार?

मजकुरात तर लबाड सरळ उघडा पडला आहे. तिसरी ओळ, "आम्ही रोज पायी जातो." पाचवी, "ती मोठी शाळा फार लांब आहे. तिथे आम्हाला जाता येणार नाही." आम्हाला! आईबापांनी लिहिलं असतं तर 'आमच्या मुलांना' लिहिलं असतं. भाडोत्री लेखकाला एवढंही भान राहिलं नाही. मी त्या ओळीखाली लाल रेघ मारली.

शनिवार, ता. ८
आता मात्र माझ्या पायाखालची जमीन सरकली.

जाऊबाई बाहेर गेल्यावर त्यांच्या खोलीत गेले, चादर बदलायला. (चादर खरंच बदलायची होती.) उशीखाली चार घड्या घातलेला कागद. त्यावर जाऊबाईंचं नाव, आडनावासकट, वरपासून खालपर्यंत अठ्ठावीस वेळा. वरची नावं वाकडीतिकडी, खालची सुधारत गेलेली. ही बाई आजवर जिथे तिथे अंगठा उठवत आली. दीर गेले तेव्हाच्या सगळ्या कागदांवर अंगठाच आहे, मी स्वतः शाईचा डबा धरला होता.

म्हणजे कोणीतरी हिला सही शिकवतंय. कशासाठी? साठीच्या बाईला सही कशाला लागते? घराच्या कागदासाठी, दुसरं काय! अर्धं घर मोठ्या दिरांच्या नावावर आहे. कोणीतरी साळसूद माणूस डेपोच्या बाजूला बसून हिचा हात धरून सही गिरवून घेतोय आणि एक दिवस आम्ही रस्त्यावर.

कागद होता तसा घडी घालून ठेवला. अक्षर बघावं असं मनातसुद्धा आलं नाही, इतकी मी हादरले होते.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "त्यांचंच आहे ना अर्धं घर? आणि विचार ना त्यांना."
ह्यांचंही काही काळंबेरं आहे का, अशी शंका आज पहिल्यांदा आली.

मंगळवार, ता. ११
एकशे एकतीस पत्रांचा निकाल लावला, हा माझा विसावा गठ्ठा. दाखला लिहिला: "सर्व पत्रे एकाच व्यक्तीने लिहिलेली असून एक हरकत म्हणून धरावीत." खाली माझी सही. साहेबांनी दाखला दोनदा वाचला आणि म्हणाले, "बाई, तुम्ही निवृत्त झालात की या खात्याचं कसं होणार?" सात महिने राहिलेत.

टायपिस्ट पत्रं चाळत होती. म्हणाली, "मॅडम, शाया तर वेगवेगळ्या आहेत. आणि काही ठिकाणी पेन किती दाबलंय बघा, कागद फाटलाय. काही ठिकाणी अगदी हलकं."
मी म्हटलं, "मग? चार पेनं विकत मिळत नाहीत?"
तिने पत्रं परत गठ्ठ्यात ठेवली. टेबल गेल्याचा राग आहे, मला कळत नाही का.

बुधवार, ता. १२
हात कोणाचा आहे ते शोधल्याशिवाय मला चैन पडणार नाही. दाखला दिला, पण माणूस सापडला नाही. शुक्रवारी अर्धी रजा टाकली आहे. नातवाचा प्रवेश विचारायला आले असं सांगून शाळेत शिरायचं. नातू नाही, पण ते त्यांना कुठे माहीत.

शुक्रवार, ता. १४
क्रमाने लिहिते.

साडेचारला शाळेत पोचले. मुलं सुटून गेली होती. लांबट कौलारू इमारत, चार खोल्या, नळाला चिंधी गुंडाळलेली. तिसऱ्या खोलीतून आवाज येत होता. दारातून डोकावले आणि मला वाटलं, सापडला कारखाना! चिमुकल्या बाकांवर तीसपस्तीस मोठी माणसं. बहुतेक बायका, चारपाच म्हातारे. गुडघे हनुवटीला लागलेले. सगळ्यांच्या पुढे आखीव कागद, सगळ्यांच्या हातात पेन्सिल, आणि फळ्यापुढे एक काटकुळ्या बाई. मनात म्हटलं, रंगेहाथ!

बाईंनी मला बघितलं. नातवाचं सांगणार तोच त्या म्हणाल्या, "या, या. लाजू नका. इथे सगळेच पहिल्या दिवशी दारात उभे राहतात." आणि दंडाला धरून मला दुसऱ्या बाकावर बसवलंसुद्धा. शेजारच्या बाईने अर्धी पेन्सिल पुढे केली. तिच्या हातांना फिनेलचा वास होता. म्हणाली, "पहिले चार महिने मनगट दुखतं. मग सवय होते."

मी काय करणार? ओळख दिली असती तर डाव फुटला असता. बाईंनी विचारलं, "लिहिता येतं का थोडंफार?" मी नाही म्हटलं. एकोणतीस वर्षं पोट ज्यावर भरलं ते येत नाही म्हणून मोकळी झाले.

मग बाईंनी माझ्या मागे उभं राहून माझा हात हातात घेतला. "आधी रेघ. दोरी आहे असं समजा. अक्षर तिला टांगायचं, कपडा वाळत घालतो तसं. आता 'क'. डावीकडचं पोट मोठं काढा, म्हणजे उपाशी दिसणार नाही." सगळा वर्ग हसला. हा विनोद त्यांनी शंभर वेळा ऐकला असणार, तरी हसला. माझ्या कागदावर माझ्या हाताने तोच 'क' निघाला. पोट डावीकडे फुगलेलं.

मी मान वर केली. समोरच्या बाकावर तोच 'क'. पलीकडे तोच. 'श' ची शेपटी अर्ध्यात थांबलेली, कारण बाई फळ्यावर तशीच थांबवतात. एक हात होता खरा. पण तो लिहीत नव्हता, शिकवत होता.

आणि तेव्हाच तिसऱ्या रांगेतून कोणीतरी मागे वळून बघितलं. आमच्या जाऊबाई.

त्यांचं तोंड उघडं राहिलं. माझंही राहिलं असणार. मला वाटलं आता त्या बोलतील, अहो बाई, ही तर माझी जाऊ, सरकारी कचेरीत आहे. त्यांनी माझ्या कागदाकडे बघितलं, माझ्या हातातल्या अर्ध्या पेन्सिलीकडे बघितलं आणि परत आपल्या वहीकडे वळल्या. माझं सोंग त्यांनी झाकलं.

येताना दोघी चालत आलो. डेपोच्या वळणावर जाऊबाई एवढंच म्हणाल्या, "तू एवढ्या लांब आलीस कशाला? घरी विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

रविवार, ता. १६
दोन दिवस मनाची समजूत घालत होते. माणसं खरी असतील, पण पत्रं कशावरून त्यांनी लिहिली? शिकायला बसली म्हणजे लिहिलीच असं थोडंच आहे? बाईंनी स्वतः लिहून वाटली असतील. दाखला कदाचित बरोबरच असेल. असेल ना?

आज दुपारी हे झोपले होते. जाऊबाई भाजी निवडत होत्या. मी शेवटी विचारलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

"ताई, त्या शाळेतून समितीला पत्रं गेली. तुम्हीही पाठवलंत का?"
"पाठवलं की. बाई मोठ्यांचे चार वर्ग घेतात, चारही वर्गांनी पाठवलं. कायदा झाला तर शाळेला पैसा नाही, शाळा नाही तर आमची खोली नाही. आमची डोकी त्यात धरतच नाहीत म्हणे." त्यांनी शेंग मोडली. "तुझ्याच कचेरीत येतात ना ती? वाचलंस माझं?"

मी म्हटलं, "सगळी सारखीच होती, म्हणून..."
"सारखी असणारच. जेवढी अक्षरं शिकून झाली होती, त्यातनंच बाईंनी पत्र जुळवलं. फळ्यावर लिहिलं. आम्ही बघून लिहिलं." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "थांब. दाखवते."

वही आणली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर भाजी बाजूला सरकवून बसल्या. आधी पट्टीने रेघा. मग चार बोटं मोजून समास. मग पेन्सिल. मी घड्याळ बघत होते, सवयच आहे. पहिल्या ओळीला सात मिनिटं लागली. तिसऱ्या ओळीला त्यांनी मनगट चोळलं. 'शाळा' खोडून पुन्हा लिहिलं, कारण शेपटी लांबली होती. पेन फिरवताना जीभ दातांत धरली होती. नऊ ओळींना पन्नास मिनिटं लागली. सहीला आणखी चार. सही त्या उशीखालच्या कागदासारखीच होती, फक्त यावेळी एकदाच.

"अशी तीन लिहिली तेव्हा एक चांगलं निघालं," त्या म्हणाल्या.

एकशे एकतीस माणसांची पन्नास पन्नास मिनिटं मी एका लाल रेघेत उडवली. मला रडू आलं आणि जाऊबाईंना वाटलं अक्षर बघून आनंदाने आलं. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी तो फिरवू दिला, खरं सांगायचं धाडस झालं नाही.

सोमवार, ता. १७
साहेबांना सांगितलं, दाखला चुकला, मागे घेते. साहेबांनी आधी दार लावलं.

"बाई, अहवाल शुक्रवारी छापायला जातोय. आणि एक गठ्ठा तुम्ही सोडलात तर बाकीच्या एकोणीस शाळा विचारतील, आमचा का नाही? तुमचे सगळे दाखले उघडावे लागतील. चौकशी तुमचीच होईल. सात महिने राहिलेत."
"पण चूक आहे, साहेब."
"तुम्हाला कसं कळलं?"
मी सांगितलं. तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे घरचंच माणूस निघालं? मग तर अजिबात बोलू नका. नातं बाहेर आलं की सगळे म्हणतील, घरासाठी गठ्ठा सोडवला."

इतके दिवस मला कौतुकाचा गोडवा का टोचत होता ते आता कळलं. मी पकडलेला प्रत्येक गठ्ठा म्हणजे साहेबांची एक सुनावणी कमी. जगभर संशय घेत फिरले, आणि जो माणूस माझी पाठ थोपटत होता त्याच्यावर पुरता घेतलाच नाही.

बुधवार, ता. १९
टिपण लिहून दिलं. "माझी पडताळणी चुकली. अक्षर सारखे आहे कारण शिक्षिका एक आहे." खाली सही. नात्याचं लिहिलं नाही. पोचपावती घेतली, कारण साहेब टिपण गहाळ करतील अशी मला खात्री होती. साहेब म्हणाले, "तुम्ही माझ्यावरही विश्वास ठेवत नाही?" मी नाही म्हटलं.

बाकीचे एकोणीस गठ्ठे स्वतःच उघडले. टायपिस्टने न सांगता सुतळ्या सोडायला घेतल्या. सोळा खरोखरच लबाडीचे. दोन कळत नाहीत. एकात, एकशे चाळीस पत्रांच्या तळाशी, तीन वेगळीच पत्रं निघाली, नीट लिहिलेली, ज्याची त्याची. मी वरची दहा बघून गठ्ठा बांधला होता. न कळलेल्या त्या दोन आणि ही एक, अशा तिन्ही शाळांचंही टिपणात घातलं.

टायपिस्टला म्हटलं, शायांचं तू बरोबर बोलली होतीस. ती म्हणाली, "मॅडम, टेबल परत देताय का?" दिलं.

शुक्रवार, ता. २८
पोचपावती होती म्हणून टिपण दाबता आलं नाही, अहवाल थांबला आणि काल सुनावणी झाली. आधी निकाल लिहून टाकते: शाळेचं नाव यादीत ठेवायचं की काढायचं ते पुढच्या महिन्यात ठरेल. विधेयक तर येणारच आहे. पण एकशे एकतीस पत्रं एकशे एकतीस धरली. आणि माझ्या चौकशीचा कागद आज हातात पडला.

समितीची खोली गच्च भरली होती. बाईंचे चारही वर्ग आले होते. मी भिंतीला लागून फाइल घेऊन उभी. अध्यक्षांनी पत्रं पत्त्यांसारखी पसरली, चष्मा वर केला आणि तेच म्हणाले जे मी म्हटलं होतं. "हे सगळं तर एकाच हातचं दिसतंय."

साहेब माझ्याकडे बघून मान हलवत होते, गप्प राहा म्हणून.
"एका हातचं नाही, साहेब," मी अध्यक्षांना म्हणाले. "एका हाताखाली शिकलेलं आहे."

अध्यक्ष म्हणाले, मग कोणीतरी इथे लिहून दाखवा. फळ्यावरचं पाठ केलेलं नको, स्वतःच्या मनातलं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. बाई घाबरल्या, असं अजून शिकवलं नव्हतं त्यांनी. आणि उठलं कोण, तर आमच्या जाऊबाई.

गुडघे धरत पुढे गेल्या, खुर्चीवर बसल्या, कागद आखून घेतला. समितीच्या अकरा माणसांना वीस मिनिटं गप्प बसवलं त्यांनी. मग अध्यक्षांनी कागद उचलला आणि मोठ्याने वाचला:

"मी रोज चार वाजता शाळेत जाते. सहा महिने झाले. मी कुठे जाते ते घरी कोणी विचारले नाही. शाळेत बाई रोज विचारतात, काल का आली नाही."

चारच ओळी. अध्यक्षांनी कागद हळूच खाली ठेवला आणि अगदी आपुलकीने विचारलं, "आजी, घरी कोण असतं तुमच्या?"

जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. बघणारही नव्हत्या. शाळेत झाकलं तसंच त्या मला इथेही झाकणार होत्या. पेन्सिल बोटांत फिरवत राहिल्या.

मी फाइल टेबलावर ठेवली.
"मी असते, साहेब," मी म्हणाले.